मदत हवी आहे : वाचनालयाच्या पॉडकास्टमध्ये आवाज घुमतोय

गोदाकाठ : नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचा पॉडकास्ट सुरू करतोय. वर्धापनदिन तोंडावर आलाय. रेकॉर्डिंग झालं, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन (खरखर कमी करणं) लावलं, काही फरक नाही. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? लवकर सांगा.

निशिगंध : रेकॉर्डिंग कुठे केलंत? माइक कोणता?

तुषार_सातारा : यूट्यूब चॅनल काढा सरळ. आमच्या पतसंस्थेचं तिथेच चालतं. पॉडकास्ट कोण ऐकतंय?

गोदाकाठ : व्हिडिओ नकोच आहे, सभासद सत्तरीच्या पुढचे. रेकॉर्डिंग वाचनकक्षात, वर पत्रे. मोबाइल टेबलावर मधोमध, भोवती आम्ही चौघं.

निशिगंध : मग सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका. नॉइज रिडक्शनने पंख्याची घरघर जाते, घुमणं जात नाही. पुस्तकांच्या दोन उघड्या रॅकच्या मधल्या बोळात बसा, पुस्तकं आवाज शोषून घेतात. काचेची कपाटं नकोत. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, पंखा बंद. फाइल मोनो (एकपदरी आवाज), ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) एमपी३ ठेवा. २० मिनिटांचा भाग १० एमबीत बसतो, व्हॉट्सॲपवरही सहज जातो.

जुना_श्रोता : त्यापेक्षा कम्युनिटी रेडिओ, म्हणजे गावाचं स्वतःचं रेडिओ केंद्र, काढा. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी पाहा, केवढं काम उभं राहिलंय!

निशिगंध : काम मोठंच आहे, पण त्याला केंद्राचा परवाना लागतो, ट्रान्समीटर लागतो. यांचा वर्धापनदिन निघून जाईल.

निवृत्त_ग्रंथपाल : पण वाचताय काय?

गोदाकाठ : दिवाळी अंकांतल्या कथा. ज्यांना आता दिसत नाही त्यांच्यासाठीच तर सगळं चाललंय.

निवृत्त_ग्रंथपाल : मग थांबा. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. त्या कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने दृष्टिहीनांसाठी सवलत दिली आहे, पण तशी केलेली ध्वनिप्रत फक्त त्यांच्याच हाती जाईल हे संस्थेने पाहायचं असतं. पॉडकास्ट स्पॉटिफायसारख्या ॲपवर टाकला तर कुणीही ऐकणार. लेखकांची परवानगी घ्या, लेखी.

तुषार_सातारा : एवढं कोण बघतंय? यूट्यूबवर ढिगाने कथावाचन आहे.

निवृत्त_ग्रंथपाल : असेल. वाचनालयानेच लेखकाला विचारायचं नाही, हे मला पटत नाही. एका पोस्टकार्डाचं काम आहे.

गोदाकाठ : दोन लेखिका आमच्याच सभासद आहेत, आजच विचारतो. बाकीच्यांना पत्रं टाकतो. स्पॉटिफायचं खातं कुणाच्या ईमेलवर काढू? अध्यक्ष म्हणतात, माझ्या.

निशिगंध : वाचनालयाच्या नावाने नवा ईमेल काढा. उद्या कार्यकारिणी बदलली की पासवर्डसाठी कुणाकुणाच्या दारात जाणार? भाग एकाच ठिकाणी चढवा, तिथली आरएसएस लिंक (नवे भाग आपोआप पोचवणारा पत्ता) ॲपलच्या पॉडकास्ट ॲपला द्या. चौकोनी मुखचित्र लागेल, किमान १४०० बाय १४०० पिक्सेल.

जुना_श्रोता : सुरुवातीला सनई घाला, प्रसन्न वाटतं.

निवृत्त_ग्रंथपाल : सनईच्या रेकॉर्डिंगलाही हक्क असतो. गावातल्या वादकाला बोलवा, मानधन द्या, पावती ठेवा.