मदत हवी आहे: ओतकामावरच्या पझल गेमचं स्टीम कव्हर कसं करू?

साच्यातला_रस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, टिळकवाडीत राहतो. दिवसा कॅडवर ड्रॉइंग काढतो आणि रात्री गेम बनवतो. 'साचा' नावाचा छोटा पझल गेम पूर्ण होत आलाय.

खेळ असा: चौकटींचं जाळं म्हणजे वाळूचा साचा. त्यात रस जायला वाटा कोरायच्या, हवा निघायला भोकं ठेवायची आणि मग वरून बिडाचा (ओतीव लोखंडाचा) रस ओतायचा. रस पुढे सरकताना थंड होत जातो. शेवटच्या कोपऱ्याला पोचायच्या आत गोठला किंवा मध्ये हवा अडकली, की जॉब (ओतलेली वस्तू) रिजेक्ट. उद्यमबागेत, म्हणजे आमच्या फाउंड्रीवाल्या औद्योगिक भागात, ज्यांचं घर आहे त्यांना जास्त सांगायला नको.

अडलंय ते स्टीमवरच्या (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातल्या) चित्रावर. दोन कव्हरं आणि खेळाचा एक व्हिडिओ खाली डकवला आहे.

'अ' हे निपाणीच्या मित्राने रंगवलंय. भट्टीसमोर कामगार, हातात लांब दांड्याची लॅडल (रस ओतायचा डाव), मागे ठिणग्यांचा पाऊस. देखणं आहे, पण ज्याला दाखवावं तो विचारतो, यात मारामारी कधी सुरू होते?

'ब' म्हणजे खेळातलाच स्क्रीनशॉट आणि वर नाव. यात खोटं काही नाही, पण एकाने थेट विचारलं, एक्सेल शीट आहे काय?

मित्र पुन्हा रंगवायला तयार आहे, मला त्याला नेमकं काय सांगायचं ते ठरवायचंय. स्टीमची १०० डॉलरची फी भरून झाली आहे. 'कमिंग सून'चं पान रिलीजच्या किमान दोन आठवडे आधी लावावं लागतं, म्हणून थोडी घाई. नाव देवनागरीत ठेवू की रोमनमध्ये, तेही सांगा. एआयने करून टाक असं कृपया सुचवू नका.

खानापूर_रोड

मी मोबाईलवरच उघडलो दोन्ही. 'अ' बघितलो की वाटलं, भारी हाय. मग बोटानं बारीक करून बघितलो तर माणूस कळंना, नुसता केशरी डाग दिसलाय. 'ब' तर मोठ्यातपण काय कळंना. व्हिडिओ मात्र एकदम बेस्ट.

कोडेबाज

वरचा प्रतिसाद गमतीत घेऊ नका, खरी परीक्षा तीच आहे. स्टीमवर कव्हरच्या चित्रांना कॅप्सूल म्हणतात. त्यातलं स्मॉल कॅप्सूल तुम्ही ४६२ × १७४ पिक्सेलचं देता, पण शोधाच्या यादीत ते आपोआप १८४ × ६९ आणि १२० × ४५ इतकं लहान होतं. १२० पिक्सेलात कामगार, लॅडल, भट्टी आणि ठिणग्या मावत नाहीत. तिथे नाव आणि एखादा आकार, एवढंच बसतं. लहान कॅप्सूलमध्ये नावानेच जवळजवळ सगळी जागा घ्यावी, असं खुद्द स्टीमच्या सूचनांतही आहे. तुमचं नाव छोटं आहे, त्याचा फायदा घ्या.

आणि कव्हर कधीही एकटं बघू नका. स्टीमवर पझल टॅगची यादी उघडा, स्क्रीनशॉट घ्या, त्यात मधल्या एका जागी आपलं चित्र डकवा आणि ज्याला काहीच माहिती नाही अशा कुणाला तरी दाखवा. 'आवडलं का' असं विचारू नका. 'यात काय करायचं असेल' असं विचारा.

तिसरं_गेट

गेममधलं मला काही कळत नाही, मुलाने धागा दाखवला म्हणून लिहितोय. मोल्डिंग शॉपात आयुष्य गेलं.

पहिलं म्हणजे त्या कामगाराच्या पायात चप्पल रंगवलीय ती आधी काढ. दुसरं, वाळू तपकिरी केलीय. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड असते, ती काळी दिसते. तिसरं, रस सगळीकडे एकसारखा केशरी दाखवलाय. ओतताना बीड साधारण १३५० ते १४०० डिग्रीचं असतं, पिवळंधमक दिसतं. थंड होताना केशरी होतं, मग लाल, मग काळपट.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. खऱ्या कामात साचा बंद असतो. वरचा बॉक्स, खालचा बॉक्स, क्लॅम्प मारले की आत काय चाललंय ते देवाला ठाऊक. रस दिसतो तो फक्त ओतायच्या तोंडाशी, आणि मग रायझरमधून (जास्तीचा रस साठवणाऱ्या उभ्या नळीतून) वर आला की. बॉक्स फोडल्याशिवाय जॉब भरला की नाही ते समजत नाही. ब्लो होल (अडकलेल्या हवेचं भोक) तर कधी कधी मशीनवर टूल लागल्यावर बाहेर पडतं, तोवर सगळा खर्च झालेला असतो. तुझ्या व्हिडिओत रस वळणावर मंदावतोय, कोपऱ्याच्या अलीकडे गोठतोय, हे उघड्या डोळ्यांनी दिसतंय. इतकी वर्षं डोक्यात कल्पना करून काम केलं ते आज बघितलं. ते सोडून भट्टीसमोरचा माणूस कशाला रंगवतोस?

शहापूरची_लेक

काकांना +१००. मी पुण्यात ग्राफिक्सचं काम करते. या प्रतिसादानंतर मित्राला द्यायचं ब्रीफ (सूचना) जवळजवळ तयारच आहे.

साचा मधोमध उभा कापून दाखव. आत एकच ओळखू येणारी वस्तू. पंपाचा इम्पेलर (आतलं फिरणारं पात्यांचं चाक) चालेल, त्याची वळणदार पाती बारीक आकारातही ओळखू येतात. सगळी पाती रसाने भरलेली, एकाचं टोक मात्र रिकामं. रस तिथवर पोचतोय की गोठतोय, हे बघणाऱ्याने ठरवायचं. हा पझल आहे हे सांगायला मग चौकटी लागत नाहीत. तरी काठाशी वाळूत दोन-चार चौकोनी खाचा ठेव, म्हणजे आत जाळं निघाल्यावर कुणाला फसल्यासारखं वाटणार नाही.

काकांनी सांगितलेले रंग तर आयतेच मिळाले. तोंडाशी पिवळा, मध्ये केशरी, टोकाशी गडद लाल. नजर उजेडाकडून निघते आणि रिकाम्या टोकाशी येऊन थांबते.

एक अडचण लक्षात घे. वाळू काळी असणं बरोबर आहे, पण स्टीमचं पान गडद निळं आहे. काळं चित्र त्यात विरघळतं, कडा कुठे संपते ते कळत नाही. तेव्हा मधली वाळू काळी ठेव आणि काठ उबदार राखाडी किंवा विटकरी कर. चित्र कृष्णधवल करूनही बघ. रस आणि वाळू तेव्हाही वेगळे दिसले तर काम झालं.

आणि मित्राला एकच मोठं चित्र करून त्यातून सगळे आकार कापायला लावू नकोस. हेडर कॅप्सूल ९२० × ४३० आडवं आहे, व्हर्टिकल कॅप्सूल ७४८ × ८९६ उभं. आडव्यात रस डावीकडून येऊ दे, उभ्यात वरून. त्याला म्हणावं साचा, रस, नाव असे थर वेगळे ठेव, म्हणजे हलवता येतात.

कोडेबाज

कापलेला साचा पटला. पण माणूस पूर्ण काढू नका असं मला वाटतं. चेहरा दिसला की नजर थांबते, पझलच्या यादीत सगळे नुसते आकार आणि ठोकळेच असतात.

शहापूरची_लेक

चेहरा आला की लोक त्याची गोष्ट शोधतात, आणि या खेळात गोष्ट नाहीये. फार तर १२३२ × ७०६ च्या मेन कॅप्सूलमध्ये कोपऱ्यात लॅडल धरलेला हातमोजा घ्या. लहान कॅप्सूलमध्ये तोही नको.

खानापूर_रोड

नाव मराठीत, कन्नडमध्ये, दोन्हीत घाला की. बेळगावचा गेम हाय म्हटल्यावर.

साच्यातला_रस

@खानापूर_रोड, पाटीचा वाद इथे नको रे बाबा 😄 १२० पिक्सेलात दोन लिप्या बसणारही नाहीत. कव्हरवर रोमन, खेळ उघडल्यावर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही.

@तिसरं_गेट काका, चप्पल मित्राला कळवली. तो म्हणतो, माझ्या आजोबांच्या पायात चप्पलच असायची! तुमच्याकडे एक विचारायचंय. इम्पेलर दाखवला तर रस कुठून आत येताना दाखवू? आणि रिकामं टोक कुठलं धरलं तर फाउंड्रीवाले हसणार नाहीत?

मेन कॅप्सूलमधल्या हातमोज्याचं अजून ठरत नाहीये. दोन्ही करून यादीत डकवून बघतो. आणखी एक: मागे एका कॉलेजच्या स्पर्धेत याला बक्षीस मिळालं होतं. ते कव्हरच्या कोपऱ्यात टाकू का?

तिसरं_गेट

मधल्या हबवरून (चाकाच्या मधल्या जाड भागावरून) रस दे, तिथे जाडी जास्त असते. पातळ पात्याचं बाहेरचं टोक आधी गोठतं, तेच रिकामं ठेव. आणि हबवर रायझर दाखवायला विसरू नकोस. थंड होताना रस आकसतो, रायझर नसला तर हबला खड्डा पडू शकतो आणि ते बघून मी स्वतः हसेन.

शहापूरची_लेक

बक्षीस टाकू नकोस. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या कॅप्सूलवर फक्त चित्र, खेळाचं नाव आणि असलंच तर अधिकृत उपशीर्षक चालतं. पुरस्कार, रिव्ह्यूंचे तारे, सवलत, काही नाही. बक्षीस खाली वर्णनात लिही.

लायब्ररीची (विकत घेतलेल्या खेळांच्या यादीतली) चित्रंही त्याच बैठकीत करून घे, लोक ती शेवटी उरकतात. ६०० × ९०० च्या उभ्या चित्रावर नाव असू दे. ३८४० × १२४० च्या हिरोवर (लायब्ररीतल्या रुंद आडव्या चित्रावर) मात्र अक्षर नको, कारण लोगो पारदर्शक पीएनजीमध्ये वेगळा द्यावा लागतो आणि स्टीम तो वर ठेवतं. इच.आयओवरही (छोट्या गेम्सची दुसरी साइट) टाकणार असशील तर ६३० × ५०० चं एक जास्तीचं. नवीन स्केचेस इथेच टाक, रंग भरायच्या आधी.