मिहिरच्या तपासणीचा अहवाल आणि व्हिटॅमिन एच्या गोळ्या

सुमनआत्या: सुधाकरच्या मुलाला, मिहिरला, अंधार पडला की नीट दिसत नाही. त्याच्या जनुकीय तपासणीचा अहवाल आल्याचे सुधाकरने सकाळी कळवले. मी अंगणवाडीत ३० वर्षे काम केले. दिवेलागणीनंतर भिंत चाचपडत चालणारी मुले व्हिटॅमिन एचा डोस दिल्यावर काही दिवसांत नीट चालू लागलेली मी स्वतः पाहिली आहेत. म्हणून जास्त मात्रेच्या गोळ्या, गाजर आणि शेवग्याचा पाला आजपासूनच सुरू करावा, असे मला वाटते.

अनुजा: आत्या, तू पाहिलेस ते अगदी खरे आहे. डोळ्याच्या पडद्यातील दंडपेशींमध्ये अंधुक प्रकाश टिपणारे ऱ्होडोप्सिन नावाचे प्रथिन असते आणि व्हिटॅमिन एपासून तयार होणाऱ्या एका लहानशा रेणूवाचून ते काम करू शकत नाही. कुपोषित मुलांमध्ये तो रेणू कमी पडतो, पण पेशी जिवंत असतात. त्यामुळे डोस मिळताच दृष्टी परत येते. मिहिरच्या रक्तात व्हिटॅमिन ए पुरेसे आहे. त्याच्या बाबतीत पेशीच हळूहळू मरत आहेत, आणि त्याचे कारण मर्टीके या जनुकातील दोषात आहे. जास्त मात्रेच्या गोळ्यांनी हा दोष दुरुस्त होणार नाही, उलट यकृताला इजा होऊ शकते. गाजर आणि शेवगा खुशाल खाऊ दे, पण गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सुधाकरकाका: अहवालात मर्टीकेचे नाव आहे, पण ते जनुक नेमके काय करते हे आम्हाला समजलेले नाही. तू याच विषयात शिकली आहेस, तेव्हा सविस्तर लिही.

अनुजा: काका, प्रत्येक दंडपेशीच्या टोकाला ऱ्होडोप्सिनने भरलेल्या चकत्यांची चळत असते. प्रकाशाच्या माऱ्याने या चकत्या जुन्या होतात, म्हणून तळाशी रोज नव्या चकत्या तयार होतात आणि वरचा सुमारे १० टक्के भाग गळून पडतो. म्हणजे साधारण १० दिवसांत सगळी चळत बदलते. हा रोजचा केर उचलण्याचे काम पडद्यामागच्या रंगद्रव्य पेशींच्या थराकडे आहे. उजाडल्यावर थोड्याच वेळात या पेशी गळालेले तुकडे गिळून पचवतात, आणि अशी एकेक पेशी साधारण ३० प्रकाशग्राही पेशींना पुरी पडते. गळालेल्या तुकड्यावर ‘मला उचला’ अशी खूण उमटते. ती ओळखून गिळण्याची आज्ञा देणारे प्रथिन म्हणजे मर्टीके. ते नसेल तर तुकडा पेशीला चिकटतो, पण गिळला जात नाही. केर दोन थरांच्या मधे साचत जातो, दंडपेशींचा रंगद्रव्य पेशींशी असलेला संपर्क तुटतो आणि त्या मरू लागतात. एका जातीच्या उंदरांमध्ये असेच अंधत्व अनेक दशके माहीत होते. त्यांच्यातला दोष याच जनुकात असल्याचे २००० साली उघड झाले आणि त्याच वर्षी माणसांतही तो सापडला.

मीनाकाकू: मिहिर अजून पुस्तक व्यवस्थित वाचतो. मग डॉक्टर डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचीही काळजी घ्यायला का सांगतात?

अनुजा: काकू, वाचायला पडद्याच्या मधल्या भागात दाटीने असलेल्या शंकूपेशी लागतात. डोळ्यात सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकूपेशी असतात. दंडपेशी एक प्रथिन स्रवतात, त्याच्या आधाराने शंकूपेशींना ग्लुकोज आत घेता येते. दंडपेशी गेल्या की हा आधार जातो. शिवाय ऑक्सिजनचा मोठा वाटा दंडपेशीच वापरत असतात. त्या संपल्यावर उरलेला ऑक्सिजन शंकूपेशींना बाधतो. केर उचलला जाण्याची गरज शंकूपेशींनाही असतेच. म्हणून वाचन चांगले असतानाच दर वर्षी मधल्या भागाचे स्कॅन करायचे.

सुधाकरकाका: एक गोष्ट विचारायला जड जाते. मीना माझ्या सख्ख्या मामाची मुलगी आहे. हे आमच्या लग्नामुळे झाले का?

अनुजा: काका, प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि दोन्हींत दोष असला तरच हा आजार होतो. तुमच्या दोघांकडेही एकेक प्रत चांगली आहे, म्हणून तुमचे डोळे निरोगी आहेत. दोष असलेली प्रत बहुधा आजीच्या माहेरून आली असावी. नात्यातल्या लग्नात तीच प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते हे खरे, पण ती आपल्याकडे आहे हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हते. ती माझ्या बाबांकडे आणि माझ्याकडेही असू शकते. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.

विनयदादा: जनुक बदलण्याचे एक इंजेक्शन निघाले आहे असे वाचले. ते मिहिरला मिळेल का?

अनुजा: दादा, अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळालेला तो उपचार आरपीई६५ या वेगळ्या जनुकासाठी आहे आणि सुरुवातीला दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर होती. मिहिरला त्याचा उपयोग नाही. मर्टीकेसाठी रियाध येथे सहा रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तिघांची दृष्टी मोजण्याइतकी सुधारली, पण त्यातल्या दोघांची सुधारणा दोन वर्षांत ओसरली. म्हणजे वाट चुकीची नाही, पण लांबची आहे. तोपर्यंत कुणीही ‘खात्रीशीर’ थेंब पाठवले तर ते मिहिरच्या डोळ्यांत घालू नका. मिहिरची बहीण ईशा आता १२ वर्षांची आहे. तिचीही तपासणी जनुक-समुपदेशकांच्या सल्ल्याने करून घेऊ या. आत्या, आजीच्या माहेरी कुणाला रात्री दिसत नसे का, हे तुला आठवते का? समुपदेशक वंशावळ विचारतील.

सुमनआत्या: आईचे धाकटे चुलते दिवस मावळला की ओसरीवरून हलत नसत. जेवायलाही कुणीतरी हात धरून आत नेत असे. घरातले सगळे त्यांना आळशी म्हणत आणि आम्ही मुलेही तसेच समजत होतो. त्यांच्या आईवडिलांचे लग्नही आते-मामे भावंडांतले होते. गोळ्या देऊ नका. मी आज संध्याकाळी गावी फोन करून त्या पिढीतली सगळी नावे आणि नाती लिहून घेते.