सासूबाईंची हाडांची गोळी (जपान) आणि आईने पाठवलेल्या पुड्या

तोक्योची_सून
सासूबाई ७७ वर्षांच्या, शिझुओकाला एकट्याच राहतात. पडल्या-बिडल्या नाहीत, पण उंची कमी झालीय. एक्स-रेत एक मणका चेपलेला निघाला. हाडांची घनता तरुण बायकांच्या सरासरीच्या ६८ टक्के. हाडांच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा अलेंड्रोनेट (हाडांची झीज रोखणारी गोळी) ३५ मिलिग्रॅम आणि रोज एल्डेकॅल्सिटॉल लिहून दिलंय. बाई म्हणतात, "दुखत नाही तर औषध कशाला? मी रोज नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) खाते." इकडे आईने पुण्याहून कॅल्शियमच्या गोळ्या आणि डी३ जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या पाठवल्यात. देऊ का? आणि भारतात अलेंड्रोनेट ७०ची मिळते, इथे निम्मीच का?

ओसाकाकर
नाचणीचं सत्त्व द्या. पुड्याही द्या हो, व्हिटॅमिनने काय होतंय!

नागोयाची_सिस्टर
ओसाकाकर, नाचणी ठीक, पुड्या नाहीत. ताई, त्या पुड्या तुमच्याच कपाटात राहू द्या.

मी सांगलीत नर्सिंग केलं, आता इथे वृद्धांच्या डे-सर्व्हिसमध्ये आहे. एल्डेकॅल्सिटॉल हे मुळात सक्रिय रूपातलं डी जीवनसत्त्वच. त्यात पुड्या आणि कॅल्शियमची भर घातली तर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. तहान, बद्धकोष्ठ, मळमळ, गुंगी, शिवाय मूत्रपिंडांना त्रास. या वयात बाई बरळायला लागल्या तर घरचे आधी विसरभोळेपणा समजतात. म्हणून ही गोळी चालू असताना मधूनमधून रक्त तपासतात. आईंना सांगा, पाठवलेलं पोचलं, पण इथे डॉक्टरांनी तेच दुसऱ्या रूपात दिलंय.

३५चं म्हणाल तर जपानमध्ये मंजूर मात्राच तेवढी आहे. इथल्या रुग्णांवरच्या चाचण्यांत कमी मात्रेत पुरेसा परिणाम दिसला. ७०ची मागवू नका.

नात्तो खाऊ द्या, त्यात के२ जीवनसत्त्व भरपूर असतं. जपानच्या पूर्वेकडचे लोक नात्तो जास्त खातात आणि तिकडे खुब्याची मोडतोड कमी, हे इथल्या संशोधकांनी टिपलंय. पण तेवढ्यावर चेपलेला मणका सांभाळला जात नाही. एक मणका गेला की पुढचा जाण्याचा धोका बराच वाढतो, दुखो वा न दुखो. (रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर मात्र नात्तो बंदच.)

आता अलेंड्रोनेटची गोळी घ्यायची कशी, कारण घोळ इथेच होतो. सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहा, दूध, मिसो सूप काही नाही, जड मिनरल वॉटरही नाही. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. आमच्याकडच्या एक आजी साडेसहाच्या रेडिओ तायसोआधी (रेडिओवर लागणारा कवायतीचा कार्यक्रम) गोळी घेतात, व्यायाम, मग कुंड्यांना पाणी, मग न्याहारी. तुमच्या सासूबाईंनी मात्र त्यातले कमरेतून पुढे वाकायचे प्रकार गाळावेत, मणक्यावर भार येतो. त्याऐवजी टेबलाला हात लावून एका पायावर एक मिनिट, मग दुसऱ्या, दिवसातून तीनदा. इथले हाडांचे डॉक्टर हेच सांगतात.

तोक्योची_सून
गोळीची कटकट नको म्हणून त्या सहा महिन्यांच्या इंजेक्शनबद्दल विचारतायत. आणि एक दाढ काढायची आहे.

नागोयाची_सिस्टर
डेनोसुमॅब म्हणताय ना? औषध चांगलं, पण तारीख चुकवायची नाही. मधेच सोडलं तर हाडाची झीज झपाट्याने परत सुरू होते आणि एकदम दोन-तीन मणके चेपलेले बायकांमध्ये दिसलेत. थांबवायचं तर दुसरं औषध जोडूनच. शिवाय त्याने रक्तातलं कॅल्शियम उतरतं, म्हणून तेव्हा डॉक्टर स्वतःच कॅल्शियम लिहून देतात. पुड्यांचा प्रश्न तिथेही तुम्ही सोडवायचा नाही. एकट्या राहणाऱ्या बाईंना तारीख कोण आठवण करून देणार, ते आधी ठरवा.

दाढ आधी. अलेंड्रोनेट काय, डेनोसुमॅब काय, या औषधांनी क्वचित जबड्याचं हाड बिघडतं, म्हणून सुरुवातीपूर्वीच दातांचं काम उरकलेलं बरं. औषध सुरू झालं असलं तर आपल्या मनाने थांबवू नका. औषधांची वही दंतवैद्याकडे न्या आणि त्यांना हाडांच्या डॉक्टरांशी बोलायला सांगा.

ओसाकाकर
मग नाचणी चालेल ना?

नागोयाची_सिस्टर
चालेल हो! गोळीनंतर अर्ध्या तासाने.