अस्थिविसर्जन केल्यास अमेरिकी माजी सैनिकाच्या स्मृतिशिळेचा हक्क राहतो का?

गोदाकाठ:
नमस्कार. माझे थोरले दीर सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या लष्करात वैद्यकीय अधिकारी होते आणि तेथून सन्मानाने सेवामुक्त झाले. गेल्या महिन्यात टेक्सासमध्ये त्यांचे निधन झाले. दहन तेथेच झाले असून सर्व अस्थी नाशिकला रामकुंडात विसर्जित कराव्यात, अशी जाऊबाईंची इच्छा आहे. दफनच होणार नसेल तर सरकारी स्मृतिशिळेचा हक्क बुडेल का? माजी सैनिकांच्या विभागाकडून अस्थिकलशही मिळतो, असे पुतण्याने ऐकले आहे. तो आधी मागवावा का?

सातासमुद्रापार:
ताई, हक्क बुडत नाही. अस्थी विसर्जित केल्या तरी राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत अशांसाठी राखलेल्या स्मृतिविभागात नावाची शिळा विनामूल्य बसवली जाते. धर्मचिन्हांच्या मान्य यादीत ॐ आहे, त्यामुळे तो कोरून घेता येतो.
कलशाची मात्र घाई करू नका. ५ जानेवारी २०२१ पासून पुढे निधन झालेल्या आणि दहनानंतर अस्थी कोठेही पुरलेल्या नाहीत, अशा पात्र सैनिकांच्या कुटुंबांना कलश किंवा स्मृतिफलक मिळतो हे खरे. परंतु तो एकदा स्वीकारला की त्या सैनिकासाठी सरकारी शिळा आणि राष्ट्रीय दफनभूमीतील जागा, दोन्हींवर कायमचे पाणी सोडावे लागते. माझ्या मते रामकुंडाचा बेत पक्का असेल, तर कलश घेण्यात काहीच अर्थ नाही.

निवृत्त कारकून:
वरील उत्तराशी सहमत. राष्ट्रध्वज एकाच कुटुंबीयाला मिळतो, तो साधारणपणे टपाल कार्यालयातून घेता येतो. राष्ट्राध्यक्षांच्या सहीचे स्मृतिपत्र मात्र एकाहून अधिक प्रतींत मागता येते, म्हणजे मुलांमध्ये वाटावाटीचा प्रश्न येत नाही. ही प्रथा १९६२ मध्ये केनेडींच्या काळात सुरू झाली. अंत्यविधीच्या खर्चाचा दावाही पाहावा. मृत्यू सेवेशी निगडित नसल्यास तो साधारणतः दोन वर्षांच्या आत करावा लागतो.

गोदाकाठ:
दोघांचे आभार. सेवामुक्तीचा कागद घरात सापडत नाही. तो नसेल तर?

सातासमुद्रापार:
तो कागद म्हणजे डीडी-२१४. त्याची प्रत सेंट लुइस येथील सैनिकी अभिलेख केंद्रातून मिळते. तेथे १९७३ मध्ये मोठी आग लागली होती, पण लष्कराच्या ज्या नोंदी जळाल्या त्या १९६० पूर्वी सेवामुक्त झालेल्यांच्या, म्हणून तुमच्या दिरांची नोंद सापडायला हरकत नसावी. अर्ज जाऊबाईंनी किंवा पुतण्याने करावा, कारण नियमानुसार जवळचे वारस तेच आहेत.