सल्ला हवा: बाबा १९९४चे रिटायर सुभेदार, आता ऐरोलीत. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) काढू की मेडिक्लेम?

ऐरोलीची_लेक:
नमस्कार मंडळी. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून १९९४ला सुभेदार म्हणून रिटायर झाले. वय ७५, शुगर आणि बीपी. आई ६८ची, दोन्ही गुडघे कामातून गेलेत. आजवर साताऱ्याकडे गावी होते, दुखलंखुपलं की गावातलाच डॉक्टर. पेन्शनीबरोबर महिना १००० रुपये मेडिकल अलाउन्स येतो, ईसीएचएसचं कार्ड कधी काढलंच नाही. दिवाळीपासून दोघांना इकडे आणलंय. मेडिक्लेमवाला एजंट घरी येऊन गेला. प्रीमियमचा आकडा ऐकून बाबा उठून गॅलरीत गेले ते तो जाईपर्यंत आत आले नाहीत. आता या वयात कार्ड निघेल का? पैसे किती? माझं (लग्न झालंय) आणि धाकट्या भावाचं (२७, नोकरी शोधतोय) नाव त्यात लागेल का?

हवालदार_कळवा:
ताई, एजंटाला रामराम करा आणि कार्ड काढा. मी स्वतः २००९चा रिटायर.

ईसीएचएस १ एप्रिल २००३ला सुरू झालं. त्यानंतर सुटणाऱ्यांना सक्तीचं, आधी सुटलेल्यांना ऐच्छिक. त्यामुळे तुमच्या बाबांसारखी बरीच जुनी मंडळी राहूनच गेली. हा विमा नव्हे. वयाची अट नाही, आधीचा आजार चालतो, वेटिंग पिरियड नाही, खर्चाला वरची मर्यादा नाही, दरसाल हप्ता नाही. वर्गणी एकदाच, हुद्द्याप्रमाणे. २०१७च्या शेवटी ठरलेले दर असे: हवालदारापर्यंत ३०,०००, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७,०००, अफसरांना १,२०,०००. पण १ जानेवारी १९९६च्या आधी रिटायर झालेल्यांना वर्गणी माफ आहे. म्हणजे बाबांना शून्य. वर जेसीओ असल्यामुळे सेमी-प्रायव्हेट वॉर्ड.

तुमचं नाव नाही लागणार. मुलगी लग्न किंवा नोकरी होईपर्यंतच. मुलगा २५पर्यंत, तोही अविवाहित आणि बिनकमाईचा असेल तर, म्हणजे भाऊही गेला. दिव्यांग मुलाला वयाची अट नसते, आणि विधवा वा घटस्फोटित मुलगी बापावर अवलंबून असेल तर तिचं नाव लागतं.

ऐरोलीची_लेक:
काका, मनापासून आभार! आता घरातली अडचण. कार्ड काढलं तर अलाउन्स बंद होणार ना? बाबा म्हणतात, हातातले हजार कशाला सोडू. शिवाय शेजारच्यांनी ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय, फुकट, पाच लाखांचं. ते काढून अलाउन्सही चालू ठेवावा का?

हवालदार_कळवा:
हो, अलाउन्स बंद होतो. वर्षाचे बारा हजार. आईंच्या एका गुडघ्याच्या ऑपरेशनचं एस्टिमेट आणून बाबांपुढे ठेवा, बोलायची गरज पडणार नाही.

वय वंदना चांगलंच आहे, पण ते अॅडमिट झाल्यावरच्या खर्चाला, आणि आई ६८ची म्हणजे त्यात बसतच नाही. ईसीएचएसमध्ये बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजच्या गोळ्याही मिळतात. ईसीएचएसवाल्यांना दोन्हींतलं एकच निवडावं लागतं, दोन्ही डगरींवर हात नाही.

सून_घोडबंदर:
कार्डाचं काकांनी सांगितलं, मी दुखरी बाजू सांगते. सासरे एअरफोर्समधले. गेल्या पावसाळ्यात शुक्रवारी रात्री दीडला छातीत दुखायला लागलं. घोडबंदर रोड तुंबलेला, जे जवळ होतं तिथे नेलं. ते ईसीएचएसच्या पॅनलवर, म्हणजे मान्य हॉस्पिटलांच्या यादीत, नव्हतं. जिवाशी गाठ असताना पॅनल कोण बघतं? नियमही तेच म्हणतो, इमर्जन्सीत कुठेही न्या. पण पॅनलबाहेर नेलं तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्याला, कळवायचं असतं. हे आम्हाला माहीतच नव्हतं. शनिवार-रविवार आयसीयूच्या दाराशी गेले, सोमवारी दुपारी नवरा पोचला. उशीर का झाला याचा खुलासा लिहून द्या, मग शेरे, मग नव्याने कागद. पैसे आले, पण सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दराने, बिलाच्या निम्म्याहून कमी. उरलेले आमच्या खिशातून.

म्हणून आता फ्रिजवर दोन कागद चिकटवलेत: पॉलिक्लिनिकचा फोन आणि ईमेल, आणि घरापासून जवळची पॅनलवरची तीन हॉस्पिटलं. यादी बदलत असते, मी दर तीन महिन्यांनी वेबसाइटवर बघते. पॅनलवरच्या हॉस्पिटलात रात्री-अपरात्री रेफरलशिवायही (पॉलिक्लिनिकच्या चिठ्ठीशिवाय) थेट घेतात, कार्ड दाखवलं की पॉलिक्लिनिकला ऑनलाइन कळवायचं काम त्यांचं. पॅनलबाहेर गेलात तर डिस्चार्ज समरी, तपशीलवार मूळ बिलं आणि इमर्जन्सी होती असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. नंतर मागायला गेलं की कुणी ओळख दाखवत नाही.

खारघरची_नेव्हीवाली:
मध्येच विचारते. मिस्टर अजून सर्व्हिसमध्ये आहेत. सासूबाईंसाठी मलाही हेच कार्ड काढावं लागेल का?

हवालदार_कळवा:
नाही. सर्व्हिसमध्ये असेपर्यंत मिलिटरी हॉस्पिटल, म्हणजे मुंबईत कुलाब्याचं अश्विनी. ईसीएचएस रिटायरमेंटनंतर. पण सासूबाईंचं नाव डिपेंडंट म्हणून आत्ताच रेकॉर्डला चढवून घ्या. आईवडिलांचं स्वतःचं उत्पन्न, पेन्शन धरून, महिना ९००० अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी असावं लागतं.

ऐरोलीताई, गुडघ्यांचा रस्ता सांगून ठेवतो. आधी पॉलिक्लिनिक, तिथून तज्ज्ञाकडे रेफरल. तज्ज्ञाने ऑपरेशन सांगितलं की तो कागद घेऊन परत पॉलिक्लिनिकला, ऑपरेशनचं रेफरल वेगळं. पॅनलवरचं हॉस्पिटल आपण निवडायचं. बिल तुमच्या हातात येतच नाही, ते ऑनलाइन तपासायला यूटीआयआयटीएसएल नावाच्या कंपनीकडे जातं. त्यांचं ऑफिस आपल्या सीबीडी बेलापूरलाच आहे, पण तिथे खेपा घालायच्या भानगडीत पडू नका, आपलं दार पॉलिक्लिनिकचंच.

ऐरोलीची_लेक:
काल रात्री ट्रंक उघडली. बाबांचं फौजेतलं डिस्चार्ज बुक सापडलं, पीपीओ (पेन्शनचा आदेश) पण सापडला. पीपीओत आईचं नुसतं नाव आहे, आधारवर त्यापुढे 'बाई'. जन्मसालातही दोन वर्षांचा फरक. चालेल का हे?

हवालदार_कळवा:
नाही चालणार. निम्मे फॉर्म या 'बाई'पायीच परत येतात. आधी बाबांच्या रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करून नाव आणि जन्मतारीख दुरुस्त करून घ्या, मग ऑनलाइन फॉर्म भरा. अर्ज कसा लिहायचा ते ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतील, ऐरोली त्यांच्याच जिल्ह्यात येते. फॉर्म भरल्यावर जी तात्पुरती स्लिप निघते तिच्यावरही उपचार मिळतात, कार्डासाठी थांबू नका.

सून_घोडबंदर:
आणि डिस्चार्ज बुक लॅमिनेट करायला देऊ नका गं. आमच्याकडे सासऱ्यांनी ते करून ठेवलंय, आता आतल्या पानांची झेरॉक्सच निघत नाही.

ऐरोलीची_लेक:
बाबा आत्ताच ते घेऊन लॅमिनेशनवाल्याकडे निघाले होते. जिन्यात गाठलं.