मदत हवी आहे: श्टिल काँट्रा गरम झाली की रेस वाढते
भंगारातून मिळालेली श्टिल काँट्रा, म्हणजे पेट्रोलवर चालणारी लाकूड कापायची चेनसॉ, 1959 साली आलेलं 106 सीसीचं मॉडेल. जाम पिस्टन डिझेल मुरवून सुटला, सिलिंडरला ओरखडे नाहीत. टिलॉटसन कार्बोरेटरचे डायफ्राम नवे, इग्निशन पॉइंटचा गॅप 0.4 मिमी.

थंड असताना झटकन चालू होते. गरम झाली की आयडलिंगला रेस आपोआप चढते, मग बंद. तेव्हाही ठिणगी निळी, जोरदार; त्यामुळे कॉइल-कंडेन्सरवर संशय नाही. प्लगचं टोक मात्र पांढरंफटक, म्हणजे कुठून तरी जादा हवा ओढतेय आणि पेट्रोल कमी पडतंय. क्रँकचे सील कडक झाले असावेत. कार्बोरेटरचा पेट्रोल जेट जास्त उघडून हा दोष झाकायचा नाही, पिस्टन पुन्हा धरेल.

इनटेक-एक्झॉस्ट रबराने बंद करून 0.5 बारला प्रेशर टेस्ट करणार आहे. श्टिलच्याच 070 मॉडेलचे सील हिला बसतात का? क्लच न उतरवता त्या बाजूचं सील तपासता येतं का? इतकं जुनं मशीन पुन्हा भंगारात जाऊ नये, कृपया सांगा.