गुलाबी बोंडअळीला बीटी पचलं, हिरवीला का नाही? आणि आता रेफ्युजी लावून उपयोग आहे का?

काळी_कसदार (प्रश्न)

बीटी-२ कपाशीत (अळी मारणारी प्रथिनं बनवणारी जिवाणूची दोन जनुकं घातलेली) डोमकळ्या (अळीनं बंद केलेली, न उमलणारी फुलं) आणि कवडी झालेली (नीट न उमललेली) बोंडं हे आता दरवर्षीचंच झालं आहे. पण त्याच वावरात हिरवी म्हणजे अमेरिकन बोंडअळी फारशी दिसत नाही. दोघींच्या पोटात तीच दोन प्रथिनं जातात, क्राय१एसी आणि क्राय२एबी. मग एकीला ती पचली आणि दुसरीला का नाही?

दुसरी शंका रेफ्युजीची, म्हणजे बीटीसोबत मुद्दाम लावायच्या नॉन-बीटी कपाशीची. प्रतिकारशक्ती येऊन बसलीच आहे, तर नॉन-बीटी झाडं लावून आता काय साधणार?

तिसरी रोजच्या कामाची. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर ओढणाऱ्या) पतंग सापडतात, पण बोंड बाहेरून ठणठणीत दिसतं. फवारणीचा निर्णय नेमका कशावरून घ्यायचा?

अळीचं_गणित

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोघींच्या ताटात आहे.

हिरवी बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो, ज्वारी, सूर्यफूल असं कितीतरी खाते. कपाशीत बीटी असलं तरी शेजारच्या तुरीवर आणि मागून येणाऱ्या हरभऱ्यावर बीटीचा कणही न चाखलेली तिची पिढी वाढत असते. गुलाबी अळीचं जवळजवळ सगळं आयुष्य कपाशीवर. भेंडी आणि त्या कुळातल्या काही वनस्पतींवर ती सापडते, पण तिची संख्या वाढते ती कपाशीवरच. सगळीकडे बीटीच उभं असेल तर तिच्यासाठी दोनच वाटा उरतात, मरा किंवा पचवा.

आता आनुवंशिकतेचा भाग. अळीच्या आतड्यातल्या पेशींवर कॅडहेरिन नावाचं प्रथिन असतं. क्राय१एसी तिथे चिकटतं, पेशींना भोकं पडतात आणि अळी मरते. कॅडहेरिनच्या जनुकात बिघाड झाला की विषाला चिकटायला जागाच मिळत नाही. क्राय२एबीच्या बाबतीत असाच बिघाड एबीसीए२ या दुसऱ्या जनुकात सापडला आहे. हे बिघाड अप्रभावी असतात. आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच अळी वाचते. एकच आली तर बीटीचा डोस पुरेसा असताना ती मरते.

सुरुवातीला अशी प्रत हजारात एक आहे असं धरू. जोडीनं ती असणारी अळी दहा लाखांत एक निघेल. तिचा पतंग नॉन-बीटी झाडांवरून आलेल्या साध्या पतंगाशी जुळला तर सगळ्या पिल्लांत एकच बिघडलेली प्रत जाईल, म्हणजे पिल्लं बीटीवर मरतील. रेफ्युजीचं सगळं शास्त्र एवढंच. साधा पतंग आसपास नसेल तर वाचलेले दोघे एकमेकांशीच जुळतात आणि पुढची अख्खी पिढी बीटी पचवणारी निघते.

आपल्याकडे बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि दोन जनुकांची बीटी-२ २००६ मध्ये आली. क्राय१एसीला दाद न देणारी गुलाबी अळी गुजरातेत त्यानंतर थोड्याच वर्षांत सापडली. म्हणजे बीटी-२ ला दोन कुलपं होती खरी, पण पहिलं लवकरच निकामी झालं आणि सगळा भार दुसऱ्यावर पडला. दोन्ही कुलपं शाबूत असताना एकदम लावली असती तर गोष्ट निराळी झाली असती, असं माझं ठाम मत आहे. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी अळीनं कपाशीचं जे नुकसान केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

पाती_ते_सरकी

वरच्या उत्तरात एक महत्त्वाची गोष्ट राहिली. ती फारशी बोलली जात नाही म्हणून सविस्तर लिहितो.

आपण संकरित वाण लावतो. संकरित झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते, ती ज्या पालकाकडून आली त्याच्याकडची. झाडाच्या पानात, पात्यांत (फुलकळ्यांत), बोंडाच्या टरफलात बीटी असतंच, कारण तो सगळा त्या झाडाचाच भाग. पण सरकीच्या आतला गर ही पुढची पिढी आहे. तिथे जनुकं पुन्हा वाटली जातात. बीटी-२ ची दोन्ही जनुकं वेगवेगळ्या जागी आहेत, म्हणून वाटणी स्वतंत्र होते. सोळा सरक्यांत साधारण नऊमध्ये दोन्ही प्रथिनं, तीनमध्ये फक्त पहिलं, तीनमध्ये फक्त दुसरं आणि एकात काहीच नाही. तीस सरक्यांच्या बोंडात दोनेक सरक्या बिनविषाच्या आणि दहा-अकरा अर्ध्या विषाच्या झाल्या.

आणि गुलाबी अळी खाते काय? नेमकी सरकी! एका सरकीतून दुसरीत जाताना तिला कधी पूर्ण डोस मिळतो, कधी अर्धा, कधी शून्य. शिवाय झाडाचं वय वाढलं की बीटी प्रथिनाचं प्रमाण मुळातच ओसरतं. मग एकच बिघडलेली प्रत असलेली अळीही जगून जाते आणि वर सांगितलेलं ‘एक प्रत असेल तर मरते’ हे गणित कोलमडतं. इतर देशांत बहुतेक सरळ वाण (संकर नसलेले) लावतात. त्यांच्या प्रत्येक सरकीत दोन्ही प्रथिनं असतात, म्हणून तिथे ही अडचण येत नाही.

मधमाश्यांचाही यात वाटा आहे. कपाशीचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्यानं दूर जात नाही, तो माश्याच नेतात. बीटी झाडाचा पराग शेजारच्या नॉन-बीटी फुलावर पडला तर त्या बोंडातल्या काही सरक्यांत बीटी उतरतं. म्हणजे रेफ्युजीच्या झाडावरही अळीला थोडं विष लागतं आणि साधे पतंग अपेक्षेपेक्षा कमी निघतात. नॉन-बीटीची तासं एकत्र असली तर मधल्या तासांत हे प्रमाण कमी राहतं, झाडं विखुरलेली असली की वाढतं.

काळी_कसदार

सरकीतल्या वाटणीचं पहिल्यांदाच नीट कळलं, आभार. मग रेफ्युजी धुऱ्यानं वेगळी लावलेली बरी की पाकिटात मिसळून आलेली? आणि कडेनं तूर लावली तर ती रेफ्युजी म्हणून चालते का?

अळीचं_गणित

तूर हिरव्या अळीसाठी उत्तम आश्रय आहे. गुलाबी अळी तुरीवर वाढतच नाही, त्यामुळे तिच्यासाठी तूर असून नसून सारखीच. तूर तुरीसाठी लावा.

जुनी पद्धत अशी होती: ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीची वेगळी पुडी, आणि ती वीस टक्के क्षेत्रावर किंवा चारही बाजूंनी पाच तासं, जे जास्त भरेल तसं लावायची. कागदावर चोख. प्रत्यक्षात पुडी बांधावर पडून राहायची, किंवा नॉन-बीटी वाण वेगळ्याच वेळी फुलायचं. बीटीवरचे पतंग सप्टेंबरअखेर आणि रेफ्युजीवरचे ऑगस्टमध्ये निघाले तर त्यांची गाठ कशी पडणार? मिसळलेल्या पाकिटात, ४७५ ग्रॅमच्या, किमान पाच टक्के नॉन-बीटी आपोआप पेरलं जातं. गुलाबी अळी एकदा बोंडात शिरली की झाड बदलत नाही, म्हणून मिश्र बियाणं तिच्या बाबतीत चालतं. परागाचा तोटा वर सांगितला आहे तो खरा, पण न लावलेल्या रेफ्युजीपेक्षा हे कितीतरी बरं.

आता ‘उशीर झाला का’ या प्रश्नाबद्दल. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरित कपाशीचं दुसऱ्या पिढीचं बियाणं पेरलं. त्यात आपोआप सुमारे चौथा हिस्सा झाडं नॉन-बीटी निघाली आणि वाढू लागलेली प्रतिकारशक्ती मागे हटली. मात्र तिथे ती नुकती कुठे डोकं वर काढत होती. आपल्याकडे बिघडलेल्या प्रती इतक्या पसरल्या आहेत की रेफ्युजीवर वाढणारा पतंगही बहुधा त्या घेऊनच निघतो. म्हणून रेफ्युजीनं या हंगामात बोंड वाचेल अशी आशा धरू नये. नवं जनुक कधी आलं तर मात्र ती पहिल्या दिवसापासून लागेल.

अमेरिकेत ॲरिझोनात १९९६ पासून रेफ्युजी शिस्तीनं पाळली. २००६ पासून वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, बीटी आणि स्वच्छता त्याच्या जोडीला होतीच. २०१८ मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून गुलाबी बोंडअळी नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. बीटी एकट्यानं हे करू शकलं नसतं.

धुऱ्यावरून

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही, ते देतो.

सापळे पेरणीनंतर ४५ दिवसांनी, पात्या लागायच्या सुमारास लावा. निरीक्षणासाठी एकरी दोन. सापळा झाडाच्या शेंड्यापेक्षा वीतभर ते फूटभर वर हवा आणि पीक वाढेल तसा वर सरकवायचा. हे राहून जातं आणि सापळा पानांत बुडून रिकामा राहतो. ल्यूर (सापळ्यातलं वासाचं आमिष) गुलाबी बोंडअळीचंच आहे ना हे पाकिटावर वाचा, हिरवीचं आणि गुलाबीचं वेगळं असतं. साधारण तीन आठवड्यांनी ते बदला. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर पातळी ओलांडली.

पण सापळ्यात नर पडतात, अंडी माद्या घालतात. म्हणून बोंड फोडून पाहिल्याशिवाय फवारणी ठरवू नका. आठवड्यातून एकदा एकरातल्या वेगवेगळ्या वीस झाडांवरून दहा-पंधरा दिवसांचं, बोटानं दाबलं तर किंचित दबणारं एकेक हिरवं बोंड तोडा. अळी शिरते ते छिद्र बुजून जातं, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. आत टरफलाच्या भिंतीवर गाठ, पडद्याला भोक किंवा अळी दिसली तर ते बोंड किडकं धरा. विसात दोन म्हणजे दहा टक्के, आणि हीच फवारणीची पातळी. बाहेरून गोल छिद्र दिसतं ते अळी बाहेर पडल्याचं. ते पाहून मारलेलं औषध वाया जातं.

फुलांच्या काळात शंभर फुलं मोजा, दहा डोमकळ्या सापडल्या तर तीच पातळी. डोमकळीच्या पाकळ्या अळीनं रेशमानं शिवलेल्या असतात, फूल उमलत नाही, माशीला आत जाता येत नाही. तोडलेल्या डोमकळ्या वावरातच टाकू नका. त्या जाळा किंवा खोल पुरा, नाहीतर अळी तिथून निघून कोषात जाते.

ट्रायकोकार्ड (अळीच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा माशीचं कार्ड) लावायचं तर अंडी असतानाच, पतंग दिसू लागले की एकरी ६०,००० परोपजीवी माश्या या हिशेबानं. कार्ड पानाच्या खालच्या बाजूला, संध्याकाळी. लावायच्या आधी आणि नंतर काही दिवस कडक औषध मारलं तर त्या मरतात.

सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं नोव्हेंबरच्या आधी नकोत. मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते. दोन-तीन औषधं एकत्र घोटून तर कधीच मारू नका. २०१७ मध्ये यवतमाळ भागात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. उंच कपाशीत फवारा थेट तोंडावर येतो. हातमोजे, मास्क आणि अंगभर कपडे फवारणाऱ्या मजुरालाही तुम्हीच द्यायचे.

पाती_ते_सरकी

एक मुद्दा कपाशीच्या मधाचा. पानाच्या मागच्या शिरेवर आणि फुलाच्या बाहेरही कपाशी गोड रस सोडते. तो फुलासाठी नाही, मुंग्या, ढालकिडे आणि परोपजीवी माश्यांना थांबवण्यासाठी आहे. पण गुलाबी अळीचे पतंगही तोच रस पितात. हवाई बेटांवरच्या जंगली कपाशीतून मधग्रंथी नसलेलं लक्षण लागवडीच्या वाणांत आणलं, तेव्हा गुलाबी अळी कमी झाली. सोबत मित्रकीटकांची पंगतही उठते, म्हणून ते सरसकट चांगलं म्हणता येत नाही.

धुऱ्यावरून

आणि फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही पाणी देऊन लांबवलेली कपाशी! माझ्या मते वरच्या सगळ्यापेक्षा हे मोठं. दिवस लहान झाले की शेवटची अळी सरकीत, वाळल्या बोंडात, मातीच्या भेगांत झोपते. दोन सरक्या रेशमानं जोडून मध्ये बसते, वेचलेल्या कापसाबरोबर घरात आणि जिनिंगमध्ये जाते. पाणी देऊन फरदड मार्चपर्यंत ओढली तर तिच्या आणखी पिढ्या होतात, त्याही बीटी सर्वांत कमी उरलेल्या झाडांवर.

डिसेंबरअखेर पीक संपवा. शेळ्या-मेंढ्या सोडून उरलेली बोंडं चारून घ्या, पऱ्हाटी (कपाशीची वाळली झाडं) उपटून श्रेडरनं बारीक करा, मग नांगरट करा. पऱ्हाटीची गंजी सरपणासाठी ठेवायची असेल तर तिच्यावरची सगळी बोंडं काढून जाळा. सरकी साठवता तिथे आणि जिनिंगच्या आवारात सापळा उन्हाळाभर चालू ठेवा.

पेरणी जूनमध्ये पाऊस झाल्यावरच. झोपलेल्या अळीचे पतंग मे-जूनमध्ये निघतात. तेव्हा पात्या नसतील तर त्यांची पिल्लं उपाशी मरतात. मेच्या मध्याला ठिबकवर लावलेल्या कपाशीला जूनअखेर पात्या येतात आणि अख्ख्या शिवारातली पहिली पिढी तिथे पोसली जाते. म्हणून हे एकट्या वावराचं काम नाही. गावातल्या चार पूर्वहंगामी प्लॉटवाल्यांशी एप्रिलमध्येच बोलून घ्या, कारण बी एकदा जमिनीत पडल्यावर कोणी ऐकत नाही.